घरची ऐपत आणि घरची स्वच्छता

स्वच्छता हा मनुष्याचा सद्गुण आणि अस्वच्छता हा त्याचा आळस, ही समजूत आपल्या समाजात इतकी खोल रुजली आहे की, एखाद्या वस्तीतील तुंबलेली नाली किंवा गावाबाहेरच्या रस्त्याच्या दुतर्फा पसरलेली हागणदारी दृष्टीस पडताच सुशिक्षित मनुष्याच्या मुखातून पहिला उद्गार निघतो तो त्या लोकांच्या सवयींविषयी. त्यांच्या घराला परसदार आहे काय, घराखालची जागा त्यांच्या नावावर आहे काय, पाणी किती अंतरावरून आणावे लागते आणि वर्षातले किती महिने ते मुळात त्या घरात राहतात, हे प्रश्न त्याच्या मनात क्वचितच उद्भवतात. प्रस्तुत प्रकरणात याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी नांदेड आणि लातूर हे मराठवाड्यातील दोन जिल्हे निवडले आहेत; कारण भूकंप, अवर्षण, मजुरांचे स्थलांतर आणि शासकीय मोहिमा यांपैकी प्रत्येकाने घरगुती स्वच्छतेवर काय परिणाम केला, हे या प्रदेशात एका पिढीच्या आयुष्यात पाहावयास मिळते.

घराची ऐपत आणि घराचे आरोग्य यांचा संबंध पहिल्यांदा आकड्यांनी मांडणाऱ्यांत इंग्लंडच्या एडविन चॅडविक याचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. 1842 साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालात मँचेस्टर शहरातील मृत्युसमयीच्या सरासरी वयाचा तक्ता आहे. प्रतिष्ठित व व्यावसायिक कुटुंबांत हे वय 38 वर्षे, व्यापाऱ्यांत 20 आणि मजुरांत अवघे 17 होते. बालमृत्यूंच्या प्रचंड संख्येमुळे ही सरासरी इतकी खाली आलेली होती. परंतु त्याच तक्त्यात रटलंड या ग्रामीण परगण्यातील मजुरांचे वय 38 दिले आहे, म्हणजे मँचेस्टरच्या प्रतिष्ठितांइतकेच. एकाच गावात दारिद्र्य माणसाचे आयुष्य निम्म्याहून कमी करते, आणि गजबजलेली, निचरा नसलेली वस्ती श्रीमंताचेही आयुष्य ओरबाडून घेते. हे दोन्ही निष्कर्ष त्या एका तक्त्यात आहेत आणि पुढील सर्व विवेचनात ते दोन्ही ध्यानात ठेवावे लागतील.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. 1908 साली मुसी नदीला महापूर आल्यानंतर विश्वेश्वरय्यांच्या सल्ल्याने राजधानी हैदराबादसाठी जलाशयांची आणि मलनिस्सारणाची योजना आखली गेली. पण दूरच्या मराठी मुलखातील कसबे आणि मौजे यांच्या वाट्याला असे फारसे काही आले नाही. तेथे स्वच्छतेची व्यवस्था जमिनीच्या आणि जातीच्या व्यवस्थेला जोडलेली होती. चौसोपी वाड्याच्या दर्शनी अंगाला ढेलज, तेथे पुरुषांची बैठक आणि कागदपत्रांची दप्तरे. आणि वाड्याच्या अगदी मागच्या अंगाला, बोळात उघडणाऱ्या खिडकीवजा दाराचा टोपलीचा संडास. ते दार बोळात उघडे, कारण मैला उचलणाऱ्याने घरात पाऊल टाकू नये. वाड्याची स्वच्छता अशा रीतीने दुसऱ्या मनुष्याच्या मस्तकावरून वाहून नेली जाई, आणि ज्याच्या मस्तकावरून ती जाई त्याच्या स्वतःच्या झोपडीला ना नाली होती, ना आडोसा. मैला हाताने उचलण्याची ही प्रथा बंद करणारा कायदा देशात 1993 साली झाला आणि 2013 साली तो अधिक कडक करावा लागला, यावरून तिची मुळे किती खोल होती याची कल्पना येते.

वाडा नसलेल्या बहुसंख्य रयतेसाठी गावाबाहेरचे रान होते. स्त्रियांची गोदरी वेगळी, पुरुषांची दिशा वेगळी. लोकवस्ती विरळ आणि पडीक जमीन विपुल होती तोवर ऊन आणि माती आपले काम करीत आणि त्यातून होणारा अपाय मर्यादित राही. पुढे लोकसंख्या वाढली, पडीक रान वहितीखाली आले, गायरानावर घरे उभी राहिली, आणि बांधावर बसू न देणारा शेतमालक व बसण्यास दुसरी जागा नसलेला भूमिहीन यांच्यातील जुना विषम संबंध रोज पहाटे नव्याने प्रत्ययास येऊ लागला. बागायतदाराला स्वतःचे शिवार होते, भूमिहीनाला फक्त रस्त्याची कड उरली. आज ज्या हागणदारीकडे आपण बोट दाखवतो, तिचा बराचसा भाग जमिनीच्या वाटणीने आखून दिलेला आहे.

जमीन आणि घरगुती स्वच्छता यांचा संबंध लातूर जिल्ह्यात सर्वांत स्पष्ट दिसला तो भूकंपानंतर. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, किल्लारी परिसरातील दगडमातीच्या जाड भिंतींची आणि जड माळवदांची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांत आठ हजारांच्या घरात माणसे मृत्युमुखी पडली. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली. नव्या घरांचे आकारमान ठरले ते कुटुंबाच्या जमिनीवरून. भूमिहीनांना आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना 400 चौरस फूट आणि त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 750 चौरस फूट. घरात माणसे किती, हा प्रश्न या हिशेबात गौण ठरला. सात-बाराचा उतारा प्रमाण ठरला.

पुढे काय झाले ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. नव्या गावांत रस्ते सरळ आणि रुंद होते, आणि अनेक घरांना संडास बांधून मिळाले होते. परंतु 250 चौरस फुटांच्या घरात सरपण, कडबा, गोवऱ्या, धान्याच्या कणग्या आणि वाढते कुटुंब ठेवायचे कोठे, असा प्रश्न पडल्यावर ज्या खोलीला दार आणि छप्पर होते पण पाणी नव्हते, ती खोली कोठाराच्या कामी आली. संडासात गोवऱ्या रचलेल्या पाहून बाहेरून आलेला अधिकारी लोकांच्या अडाणीपणाची नोंद करी. वस्तुतः तेथे घरातील स्त्रीने अपुऱ्या जागेचा आणि अपुऱ्या पाण्याचा अत्यंत विचारपूर्वक हिशेब केलेला असे. नवी गावे जुन्या गावठाणांहून कितीतरी पसरट झाली होती, त्यामुळे नळाचे पाणी शेवटच्या घरापर्यंत पोचवणे दुष्कर झाले. आणि पाण्यावाचून संडास म्हणजे कोंदट कोठडी, एवढाच अर्थ त्या घरांपुरता उरला.

पाण्याचा हिशेब येथे स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. ग्रामीण संडासाचे तीव्र उताराचे भांडे तांब्याभर, म्हणजे दीड-दोन लिटर पाण्यात स्वच्छ होते. शहरी घरातील टाकीची साखळी एका वेळी दहा लिटरांच्या आसपास पाणी सोडते. हातपाय धुण्याचे पाणी धरले तर पाच माणसांच्या कुटुंबाला साध्या भांड्यासाठीही रोज वीस-पंचवीस लिटर, म्हणजे भरलेले दोन हंडे, अधिक लागतात. ज्या घरी नळ परसात येतो त्या घरी या दोन हंड्यांना किंमत नाही. ज्या घरची स्त्री उन्हाळ्यात गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी वाहते, त्या घरी ते दोन हंडे म्हणजे तिची एक पूर्ण खेप. संडास बांधला की ही खेप तिच्या दिनक्रमात वाढते. बाहेर जाणाऱ्या पुरुषाला मात्र टमरेलभर पाणी पुरते, आणि घरचा संडास नाकारण्यात पुरुषच पुष्कळदा पुढे असतात. तेव्हा संडासाचे सुख आणि संडासाचे श्रम हे एकाच घरातही समान वाटले जात नाहीत.

2016 सालच्या उन्हाळ्यात लातूरने पाण्याच्या विषमतेचे टोक पाहिले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, पाणी भरण्याच्या ठिकाणी दंगा होऊ नये म्हणून जमावबंदीचा हुकूम काढावा लागला, आणि 12 एप्रिल रोजी मिरजेहून सुमारे 340 किलोमीटरचा प्रवास करून पहिली पाण्याची रेल्वे दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन आली. पुढे 50 वाघिणींच्या गाड्या येऊ लागल्या. त्या महिन्यांत ज्याच्या अंगणात बोअर होता किंवा जो खाजगी टँकर विकत घेऊ शकत होता, त्याच्या घरी न्हाणी आणि संडास चालू राहिले. ज्याच्याकडे साठवणीला दोन घागरींपलीकडे काही नव्हते, त्याला पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेचे पाणी यांत निवड करावी लागली. अशा वेळी मनुष्य पिण्याचेच पाणी निवडणार. सोलापूर, सांगलीकडच्या ज्या प्रदेशांत नद्यांच्या पाण्यावर ऊस पिकतो त्यांतल्याच एका प्रदेशातून लातूरला पाणी आणावे लागले, आणि खुद्द मांजरेच्या खोऱ्यातही साखर कारखाने व उसाचे फड वाढलेले होते. हेही याच चित्रात ठेवले पाहिजे. पाणी कोणाच्या पिकाला मिळते यावर ते कोणाच्या न्हाणीला उरते हे अवलंबून असते.

या प्रदेशाची भूमीही दरिद्री कुटुंबाला अनुकूल नाही. वर काळी कसदार माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी येथील जमिनीची सर्वसाधारण रचना. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाणी शोषून घेण्यास फार मंद असते. त्यामुळे उथळ खड्डा पावसाळ्यात भरून वर येतो आणि त्याची कडा ढासळते. खड्डा मुरमापर्यंत नेणे, त्याला जाळीदार बांधकाम करणे, यासाठी गवंड्याचा रोज आणि विटा-सिमेंट लागते. 2 ऑक्टोबर 2014 पासून सुरू झालेल्या स्वच्छ भारत मोहिमेत एका शौचालयास 12,000 रुपयांचे प्रोत्साहन अनुदान मिळे, पण ते बांधकाम झाल्यावर. ज्याच्या गाठीला पैसा आहे त्याने आधी खर्च करावा आणि नंतर परत घ्यावा, ही व्यवस्था शेतमालकाला सोयीची होती. हातावर पोट असलेल्या मजुराला मात्र त्या अनुदानासाठी प्रथम कर्ज काढणे भाग पडे. शिवाय घराची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना आठच्या उताऱ्यावर नसेल, घर गायरानावर असेल किंवा भाऊबंदांच्या वाटणीत अडकलेले असेल, तर पाया खणण्यापूर्वीच तो कागदापाशी थांबे.

खड्ड्याच्या आकारामागेही समाजरचना दडलेली आहे. शास्त्रीय दृष्ट्या दोन लहान खड्ड्यांचा संडास सर्वांत स्वस्त आणि निर्धोक. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा, पहिला वर्ष-दीड वर्ष झाकून ठेवायचा, आणि आतील द्रव्याचे निर्गंध सोनखत झाले की ते शेतात टाकायचे. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्र सरकारचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातील वरंगळजवळच्या गंगादेवीपल्ली येथे असा खड्डा स्वतःच्या हातांनी रिकामा करून दाखवला. हे दाखवून देणे सचिवांना आवश्यक वाटले, याचे कारण उघड आहे. आपल्याकडे खड्डा उपसणे हे एका विशिष्ट जातीचे काम मानले गेले. ती जात आता ते काम करण्यास न्यायाने नकार देते आणि इतरांना ते करण्याची लाज वाटते. म्हणून ज्याला परवडते तो कधीच भरू नये एवढे मोठे टाके बांधतो, आणि ज्याला परवडत नाही तो लहान खड्डा भरेल या भीतीने बांधलेला संडास पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी राखून ठेवतो. अस्पृश्यतेने ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अपमानित केले त्यांचे देणे अशा रीतीने सर्वच समाजाच्या आरोग्यावर चढलेले आहे.

आणखी एक वर्ग असा आहे की ज्याच्या बाबतीत घर हाच शब्द अपुरा पडतो. नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार, लोहा आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट या तालुक्यांच्या वाड्या-तांड्यांवरून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो. त्यानंतर पाच-सहा महिने त्यांचा संसार फडाच्या कडेला, कारखान्याच्या आसपास, पाचटाच्या कोपीत. गावच्या घरी शौचालय बांधलेले असले तरी त्या काळात त्याला कुलूप. आणि कोपीला ना न्हाणी, ना आडोसा, ना वेळ. पहाटे अंधार असता फडात उतरावे लागते, तेव्हा टोळीतल्या स्त्रीला दिवसभर कमी पाणी पिऊन देहधर्म दाबून धरावा लागतो, आणि त्यातून मूत्रमार्गाचे विकार जडतात. गावाच्या दप्तरात तिचे कुटुंब शौचालययुक्त म्हणून नोंदलेले असते. नोंद खोटी नसते. ती केवळ घराची असते, माणसाची नसते.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू. कुटुंबाची ऐपत स्वच्छता ठरवते हे खरे. परंतु ऐपतदार कुटुंब स्वतःपुरती स्वच्छता विकत घेऊन सुरक्षित होत नाही, हेही तितकेच खरे. उघड्यावर पडलेल्या विष्ठेतील जंतू माशीच्या पायांनी, मुलांच्या हातांनी, पावसाच्या लोंढ्याने विहिरीत आणि भाकरीवर येतात. वारंवार जंतुसंसर्ग झालेल्या बालकाच्या आतड्याचे अस्तर सुजते, अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही, आणि मुलाची उंची खुंटते. या संबंधाची परीक्षा महाराष्ट्रात झाली आणि तिच्याशी नांदेडचे नाव जोडलेले आहे. जेफ्री हॅमर आणि डीन स्पिअर्स या संशोधकांनी ज्या प्रयोगाचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यासाठी अहमदनगर, नांदेड आणि नंदुरबार हे तीन जिल्हे निवडले होते आणि 2004 साली पाहणीस आरंभ झाला होता. पण निवडलेल्या गावांत स्वच्छतेची मोहीम प्रत्यक्ष राबवली गेली ती एकट्या अहमदनगरात. तेथे मोहिमेच्या गावांतील बालकांची वाढ इतर गावांच्या तुलनेत अधिक झाली. चार वर्षांच्या मुलाच्या बाबतीत हा फरक सुमारे 1.3 सेंटिमीटर भरतो. नांदेडच्या बालकांना त्या वेळी तो लाभ मिळाला नाही. ज्या जिल्ह्यांना मोहिमेची निकड सर्वांत अधिक, तेथेच ती राबवण्याचे बळ सर्वांत कमी असते, हा या प्रयोगातून हाती आलेला अलिखित निष्कर्ष मला लिखित निष्कर्षाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

स्वच्छता ही सबंध गावाची ठेव आहे, हे महाराष्ट्राने एका बाबतीत लवकर ओळखले. 2000-01 साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी सुरू केलेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात पारितोषिक कोण्या एका घराला नव्हते, ते गावाला होते. आणि हातात खराटा घेऊन आधी गाव झाडणारे व मग कीर्तन करणारे गाडगेबाबा ज्यांच्या स्मृतीत ताजे होते, त्या गावांनी या हाकेला मनापासून प्रतिसाद दिला. तरीही 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सुमारे 38 टक्के घरांच्याच आवारात शौचालय आढळले, आणि मराठवाडा या सरासरीच्याही मागे होता. पुढील मोहिमेने वेग घेतला. पहाटेच्या गुड मॉर्निंग पथकांनी टमरेलवाल्यांना अडवले, आणि एप्रिल 2018 मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त घोषित झाला. त्यानंतरच्या, 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्यात सुधारित आणि केवळ स्वतःच्या कुटुंबापुरती शौचसुविधा असलेल्यांचे प्रमाण 72 टक्के भरले. चार वर्षांपूर्वी ते सुमारे 52 होते. ही प्रगती थोर आहे, आणि उरलेली तूट कोणाची आहे हे वरील विवेचनावरून वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. पथकाच्या शिट्टीने ज्याला परसदार आहे तो परसदारी वळतो. ज्याला परसदारच नाही त्याच्या पदरी केवळ अप्रतिष्ठा येते.

दंडापेक्षा वेगळा मार्ग नांदेड जिल्ह्यानेच दाखवला. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी या गावाने घराघरांतील सांडपाणी उघड्या नालीत सोडण्याऐवजी प्रत्येक घरापाशी शोषखड्डा खोदून त्यात जिरवण्याचा निश्चय केला. सुमारे चार फूट लांब, तितकाच रुंद आणि तितकाच खोल खड्डा, मध्यभागी भोके पाडलेले सिमेंटचे टाके, त्याच्या भोवताली तळाशी मोठे दगड, त्यावर लहान, त्यावर खडी, वरून माती. न्हाणी-मोरीचे पाणी नळीने टाक्यात येते, गाळ तळाशी बसतो, निवळ पाणी भोकांवाटे दगडांत आणि तेथून मुरमात झिरपते. काही काळाने टाक्याचे झाकण काढून गाळ उपसला की खड्डा पुन्हा कामास येतो. नाल्या बुजल्या, साचलेले पाणी नाहीसे झाले, आणि डासांची पैदास थांबली. पुढे जिल्हा परिषदेने ही पद्धत रोजगार हमी योजनेतून जिल्हाभर नेली आणि ती नांदेड पॅटर्न म्हणून ओळखली जाऊ लागली.

या उदाहरणातील मर्म खड्ड्याच्या रचनेत जितके आहे तितकेच त्याच्या अर्थव्यवहारात आहे. 1972 च्या दुष्काळात आकाराला आलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेशी स्वच्छता येथे जोडली गेली. गरीब कुटुंबाने आधी खर्च करावा अशी अट राहिली नाही, उलट खड्डा खोदणाऱ्याला मजुरी मिळाली. खड्ड्याला पाणी लागत नाही, तो पाणी परत देतो. त्यातील गाळ काढण्यास कोणत्याही जातीचा मनुष्य कचरत नाही. आणि नाली बुजवायची तर श्रीमंत-गरीब असा भेद करून चालत नाही, कारण एका घराने पाणी रस्त्यावर सोडले की सर्वांचा चिखल होतो. घरगुती शौचालयाची मोहीम ज्या चार खोड्यांत अडखळली, म्हणजे पैसा, पाणी, जात आणि वेगवेगळी घरे, ते चारही येथे सुटले होते.

म्हणून घरगुती स्वच्छतेच्या कार्याचा क्रम बदलला पाहिजे. उपदेश आणि दंड यांना शेवटचे स्थान असावे. प्रथम घराखालची जागा त्या घराच्या नावे व्हावी, मग पाणी उंबरठ्यापाशी यावे, मग बांधकामाचा पैसा आगाऊ मिळावा, मग खड्डा कोणी व कसा उपसायचा याचा निर्णय सर्वांनी मिळून, जात बाजूला ठेवून करावा, आणि ऊस कारखान्यावर गेलेल्या मजुराच्या कोपीजवळही ही व्यवस्था असावी. एखाद्या गावाची स्वच्छता मोजावयाची असेल तर प्रवेशद्वाराशी लावलेल्या पाटीवरून किंवा सरपंचांच्या घरच्या फरशीवरून ती मोजू नये. गावकुसाबाहेरील सर्वांत शेवटच्या घरी राहणाऱ्या स्त्रीला दिवसाच्या कोणत्याही प्रहरी, कोणाची परवानगी न घेता, देहधर्म उरकता येतो काय, एवढा एकच प्रश्न विचारावा. त्याचे उत्तर होकारार्थी आले तर त्या गावच्या बागायतदाराचे मूलही सुरक्षित आहे. नकारार्थी आले तर त्याच्या घरची संगमरवरी न्हाणीही त्या मुलाचे रक्षण करण्यास पुरी पडणार नाही.